पुण्यातल्या छोट्या घरमालकांना खुलं पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये एखाद-दुसरा फ्लॅट भाड्याने देणारे सर्व घरमालक

सप्रेम नमस्कार.

हे पत्र बिल्डरांसाठी नाही, दहा-पंधरा फ्लॅट बाळगून असलेल्या बड्या गुंतवणूकदारांसाठीही नाही. निवृत्तीच्या पैशातून वाकडला वन बीएचके घेतलेल्या शिक्षिका, मुलगा अमेरिकेत गेल्यावर त्याचा बाणेरचा फ्लॅट सांभाळणारे आईवडील, पेठेतला वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत वाट्याला दोन घरं आलेले भाऊ, अशा तुम्हा मंडळींसाठी आहे. मी भाडेकरारांचं काम करणारा वकील. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन तुमच्या दिवाणखान्यात बसतो, करार नोंदवतो आणि काही वेळा वर्ष-दोन वर्षांनी तुमचीच तक्रार घेऊन सक्षम प्राधिकाऱ्यासमोर, म्हणजे घराचा ताबा परत मिळवून देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, उभा राहतो. या दोन्ही टोकांना जे दिसतं, ते तुमच्यापुढे मांडायला हे पत्र लिहितोय.

मुद्दा एकच आहे. तुम्ही भाडेकरूला घाबरता, आणि त्या भीतीपायी नको ती काळजी घेता. आडनाव विचारता, लग्न झालंय का विचारता, रात्री किती वाजता येणार ते विचारता. पण करार संपल्यावर तो नवा करायला विसरता, अनामतीचे पैसे खर्च करून बसता, बाथरूमच्या गळतीकडे डोळेझाक करता. ज्या गोष्टींनी तुमचं रक्षण होतं त्या राहून जातात, आणि ज्यांनी काहीच होत नाही त्यात सगळी शक्ती जाते.

ही भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने ती भोगली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधून ठेवली होती. मुंबईत गिरगावात काय किंवा पुण्यात पेठांमध्ये काय, महिना वीस-तीस रुपये भाडं घेणाऱ्या मालकाला त्याच घराची कौलं बदलायची ऐपत उरली नव्हती. त्यावर उपाय म्हणून लोक भाडेकरू न ठेवता ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी देऊन, माणूस ठेवू लागले. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा लायसन्सचा करार चालू होता आणि जे त्या जागेत राहत होते, ते एका रात्रीत भाडेकरू ठरले, संरक्षणासकट. ज्या घरांनी हे पाहिलं, त्यांच्या तोंडी ‘एकदा घुसला की निघत नाही’ हे वाक्य बसलं ते बसलंच.

पण त्यालाही आता अर्धशतक उलटलं. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचं सांगितलं, त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या कायद्याचं कलम २४ तुमच्यासारख्या माणसासाठीच आहे. राहायला म्हणून लायसन्सवर दिलेलं घर (आज आपण भाडेकरार म्हणतो तो बहुधा हाच) मुदत संपताच परत मिळण्याचा हक्क ते तुम्हाला देतं. समोरच्याने ताबा दिला नाही तर नेहमीच्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घेत बसायचं नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथे समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचाव मांडायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर तुमचं म्हणणं मान्य झालं असं धरतात. मुदत संपल्यानंतर तो जितके दिवस राहील, तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने. ताब्याच्या आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण अर्ज (आदेश कायद्याला धरून आहे का ते वरून तपासून घेण्याचा) करता येतो. घरमालकाच्या बाजूने यापेक्षा स्पष्ट तरतूद कोणती हवी?

मात्र कायदा तुमच्या बाजूने आहे तो करार लेखी आणि नोंदलेला असेल तर. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. एजंटची नाही, भाडेकरूची नाही, तुमची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिलेली आहे. शिक्षेपेक्षाही मोठा तोटा पुढेच आहे: नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे तो म्हणाला की भाडं बारा हजार ठरलं होतं आणि मुदत पाच वर्षं होती, तर तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर. नोटरी केलेला कागद अजूनही कितीतरी घरांत कपाटात जपून ठेवलेला दिसतो. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, मागे गोल शिक्का. तो कागद नोंदणीची जागा घेत नाही, हे पुन्हा एकदा सांगतो.

आणि खर्च तरी किती? मुद्रांक शुल्काचा हिशेब असा: संपूर्ण मुदतीचं भाडं, त्यात परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांप्रमाणे धरलेली रक्कम मिळवायची, आणि एकूण बेरजेवर पाव टक्का. वीस हजार भाडं, साठ हजार अनामत आणि अकरा महिने धरले तर दोन लाख वीस हजार अधिक साडेपाच हजार, म्हणजे दोन लाख पंचवीस हजार पाचशे. त्यावर पाव टक्का म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. शिवाय थोडं हाताळणी शुल्क आणि घरी येणाऱ्या माणसाची फी. बहुतेक घरांत हा खर्च मालक आणि भाडेकरू निम्मा-निम्मा वाटून घेतात. पाऊण कोटीच्या घराच्या संरक्षणासाठी हा खर्च टाळणारे लोक मी पाहतो, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

अकरा महिन्यांचंही बोलून टाकू. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी केंद्राच्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, म्हणून देशभर लोक अकरा महिन्यांचा करार करतात आणि नोंदणी चुकवतात. महाराष्ट्रात या हिशेबाला अर्थच नाही, कारण इथे कलम ५५ मुळे अकरा महिन्यांचा करारसुद्धा नोंदवावाच लागतो. चांगला, स्थिर भाडेकरू मिळाला असेल तर चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार करा, दर बारा महिन्यांनी किती वाढ ते त्यातच लिहा. दरवर्षी नव्याने खर्च नाही, घासाघीस नाही, आणि मुख्य म्हणजे मध्ये करार संपून राहण्याचा धोका नाही.

हा शेवटचा धोका मला सगळ्यात जास्त दिसतो. करार मार्चमध्ये संपला, भाडं मात्र दर पाच तारखेला गुगल पेवर येतंय, माणूस सज्जन आहे, मग ‘करू की सावकाश’. दिवाळी येते, पुढचा मार्च येतो. मग काहीतरी बिनसतं आणि तुम्ही माझ्याकडे येता, तेव्हा तुमच्या हातात मुदत संपलेला कागद असतो आणि समोरच्याच्या हातात वर्षभर तुम्ही बिनतक्रार भाडं घेतल्याचा बँकेचा उतारा. अशा वेळी समोरचा वकील तोंडी नवा करार झाल्याचं म्हणतो आणि साधं प्रकरण लांबतं. करार संपायच्या दोन महिने आधीची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा आणि त्या दिवशी भाडेकरूला फोन करा: राहणार आहात की जाणार आहात?

नोंदणीच्या दिवशी काय होतं तेही सांगतो, कारण ज्येष्ठ मंडळी त्याला दचकतात. आधार क्रमांक घालून अंगठा घेतला जातो, समोर फोटो निघतो, दोन्ही बाजूंचं आणि साक्षीदारांचं झालं की दस्त ऑनलाइन दुय्यम निबंधकांकडे जातो. अडतं ते अंगठ्यापाशी. आयुष्यभर भांडी घासलेल्या, खडूने फळ्यावर लिहिलेल्या हातांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. मावशी मशीनवर अंगठा दाबतात, लाल दिवा लागतो, पुन्हा दाबतात, पुन्हा लाल. मग हात कोमट पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा, किंचित तेलाचा हात लावून पुसायचा, आणि अंगठा जमला नाही तर दुसरं बोट घ्यायचं. घाई करू नका आणि ‘तुमच्याऐवजी मुलाचा घेऊ’ असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. घर ज्यांच्या नावावर, त्या सगळ्यांचे अंगठे लागतात. पती-पत्नीच्या नावावर असेल तर दोघांचे. मुलगा परदेशात असेल तर त्याचं रीतसर कुलमुखत्यारपत्र हातात असल्याशिवाय आईवडिलांनी सही करू नये.

आणि मसुदा वाचा. एजंटकडे एक तयार नमुना असतो, त्यात नावं बदलून दिली जातात. मी अशा करारात मांजरी बुद्रुकच्या फ्लॅटसाठी औंधच्या सोसायटीचं पार्किंग लिहिलेलं पाहिलं आहे. पत्ता, फ्लॅट क्रमांक, पार्किंगचा क्रमांक, भाड्याची तारीख, किती महिने कुणीच सोडायचं नाही, त्यानंतर किती दिवसांची नोटीस, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, अनामत कधी परत, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सोबत वस्तूंची यादी जोडा: पंखे किती, गिझर कोणत्या कंपनीचा, पाण्याचा फिल्टर, पडद्यांचे रॉड, किल्ल्या किती जोड. करार झाला की भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरा. पोलिस आयुक्तांच्या आदेशाने ते बंधनकारक असतं आणि न केल्यास गुन्हा घरमालकावर दाखल होतो. त्या नोंदीची आणि कराराची एकेक प्रत सोसायटीला द्या. सोसायटी घर भाड्याने दिल्याबद्दल नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशापासून हे ठरलेलं आहे. तुमची कमिटी मालमत्ता कर वगैरे सगळ्यावर धरून वसूल करत असेल तर लेखी विचारा.

आता दोन गैरसमज. ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ हे सर्रास ऐकू येतं. बारा वर्षांचा नियम तुमच्या हक्काला आव्हान देऊन, उघडपणे ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. जो तुमच्या परवानगीने राहतो आणि तुम्हालाच भाडं देतो, त्याचा ताबा तसा नसतोच. त्यामुळे चांगल्या भाडेकरूला निव्वळ ‘फार वर्षं झाली’ म्हणून काढू नका. करार वेळेवर नवा होत असेल तर तो पंधरा वर्षं राहिला तरी बिघडत नाही.

दुसरा समज जास्त घातक आहे. भाडं थकलं की पाणी तोडायचं, मीटरचा फ्यूज काढायचा, तो ऑफिसला गेला की कुलूप बदलायचं. हे करू नका. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई या अत्यावश्यक सेवा आहेत. त्या तोडणं या कायद्याने गुन्हा आहे. भाडं थकवलेला भाडेकरू तुमच्यासमोर दोषी असतो, पण त्याच्या घरात लहान मूल असताना तुम्ही पाणी तोडलंत की त्या दिवसापासून दोषी तुम्ही होता, आणि प्राधिकाऱ्यासमोर तुमची हक्काची केस डळमळते. एक महिना थकला की लेखी विचारा, दोन झाले की वकिलाची नोटीस. अनामत संपेपर्यंत वाट पाहत बसू नका.

आता ज्याचा मला मनापासून राग येतो त्या विषयाकडे येतो. फोनवर पहिला प्रश्न ‘आडनाव काय’ हा का असतो? लातूर, नांदेड, परभणीहून आलेला मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पेठांमध्ये खोली शोधतो, नोकरी लागल्यावर हिंजवडीजवळ फ्लॅट शोधतो. त्याला ‘आम्ही फॅमिलीलाच देतो’ सांगितलं जातं. मुस्लिम नाव ऐकलं की ‘कालच गेलं’. एकट्या मुलीला ‘मित्र येतात का’. यातल्या एकाही प्रश्नाच्या उत्तराने तुमचं भाडं वेळेवर येणार की नाही हे कळत नाही. ज्याने कळतं ते विचारा. कुठे काम करता, किती दिवसांपासून, पगाराची शेवटची तीन महिन्यांची स्लिप दाखवाल का, आधीच्या घरमालकांचा नंबर द्याल का. आणि तो नंबर खरोखर लावा. आधीच्या घरमालकाला दोनच गोष्टी विचारा: भाडं तारखेला यायचं का, आणि घर सोडताना कसं सोडलं. मी काम पाहतो त्यात भाडं बुडवून गेलेल्यांमध्ये ‘फॅमिलीवाले’ही आहेत, चांगल्या घरातलेही आहेत, आपल्याच आळीतलेही आहेत. आणि वर्षानुवर्षं एक तारीख न चुकवणाऱ्यांत अशी मुलं-मुली आहेत ज्यांना तिघा-चौघा मालकांनी नावावरून परत पाठवलं होतं. सोसायटीच्या सभेत कुणी ‘बॅचलर नकोत’ म्हणून आवाज चढवला तर तुम्ही सभासद म्हणून उठून बोला. घर तुमचं आहे आणि हप्ताही तुम्हीच भरता.

हप्त्यावरून पैशाकडे येतो. ‘एक फ्लॅट घेऊन ठेवू, भाडं येत राहील’ असं ठरवून कर्ज काढणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर करून पाहावा. पंचाहत्तर लाखांचा टू बीएचके, भाडं पंचवीस हजार. वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं असं धरा, म्हणजे हातात दोन लाख पंचाहत्तर हजार. सोसायटीचा मेंटेनन्स साडेतीन हजारांप्रमाणे बेचाळीस हजार गेले. मालमत्ता कर अठरा हजार. रंगकाम, प्लंबर, दलाली यांची वर्षाची सरासरी पंचवीस हजार. उरले एक लाख नव्वद हजार. पंचाहत्तर लाखांवर हे अडीच टक्के झाले, आणि प्राप्तिकर अजून भरायचाच आहे. बँकेत ठेव ठेवली तर यापेक्षा जास्त मिळतं. गृहकर्जाचा दर त्याच्या तिप्पट-चौपट असतो. घराची किंमत वाढेल हे खरं असू शकतं, पण तो वेगळा अंदाज आहे, भाड्याचा भाग नाही. दुसरा फ्लॅट कर्जावर घ्यायचा विचार असेल तर ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ हे वाक्य डोक्यातून काढा. सुटत नाही. हप्त्याचा मोठा वाटा पगारातूनच जाणार हे आधी घरात बोलून घ्या.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. रिकामा महिना म्हणजे पंचवीस हजारांचं नुकसान. चांगला भाडेकरू दोन हजारांची वाढ परवडत नाही म्हणून सोडून गेला, घर महिनाभर पडून राहिलं, तर ते पैसे वाढीतून भरून यायला वर्षाहून जास्त काळ लागतो. वर दलाली आणि रंगकाम आहेच. वाढ मागा, पण आपल्या सोसायटीतली चालू भाडी पाहून मागा, आणि माणूस चांगला असेल तर हजार-पाचशेसाठी त्याला घालवू नका.

कराचं थोडक्यात. भाड्यातून तुम्ही त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. रंगकाम, प्लंबर, दलालीची बिलं वेगळी लावता येत नाहीत, ती या ३० टक्क्यांतच आली. कर्जाचं व्याज वजा होतं. मात्र त्यातून तोटा दिसला तर जुन्या करप्रणालीत दोन लाखांपर्यंतच इतर उत्पन्नातून वजा करता येतो आणि नव्या करप्रणालीत अजिबात नाही. रोखीने भाडं घेऊन ते दाखवायचं नाही, हा मार्ग आता बंद झाला आहे असंच समजा. भाडेकरू नोकरीला असेल आणि एचआरए (घरभाडे भत्त्याची करसवलत) घेत असेल तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की त्याला तुमचा पॅन कंपनीत द्यावा लागतो. पॅन द्यायला नकार देणारे मालक भाडेकरूचं नुकसान करतात आणि स्वतःचा नोंदलेला करार सरकारदरबारी आहेच हे विसरतात. भाडं महिना पन्नास हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने कर कापून भरायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो दर दोन टक्के आहे.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी इथे थांबून नीट वाचा. फ्लॅट अनिवासी मुलाच्या नावावर असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने ३० टक्के आणि वर उपकर कापायचा असतो. भाडं आईच्या खात्यात घेतलं म्हणून ते आईचं उत्पन्न होत नाही. मुलाने इथे विवरणपत्र भरलं की जादा कापलेला कर परत मिळतो. भाडेकरूला हे आधी सांगा. बहुतेक तरुण भाडेकरूंना याची कल्पना नसते आणि नंतर नोटीस त्यांच्या नावाने येते.

पुणे महापालिकेच्या हद्दीतल्यांसाठी एक: स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात जी ४० टक्के सवलत मिळते, ती घर भाड्याने दिल्यावर लागू नाही. पीटी-३ चा अर्ज भरून ती सवलत घेतली असेल आणि नंतर घर भाड्याने दिलं असेल तर महापालिकेला कळवा. थकबाकी एकदम अंगावर येण्यापेक्षा दरवर्षी थोडं जास्त भरलेलं बरं. दुकानाच्या गाळ्यांबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. कलम २४ राहत्या घरांपुरतं आहे, गाळ्याचा करार वेगळ्या सल्ल्याने करा.

दुरुस्तीबद्दल मात्र लिहायलाच हवं. घर भाड्याने देण्याआधी एक दिवस स्वतः त्या घरात जा आणि सगळे नळ, सगळी बटणं वापरून पाहा. बाथरूममध्ये आंघोळीएवढं पाणी सोडा आणि अर्ध्या तासाने खालच्या घरातल्यांना विचारा, छताला ओल येते का. पावसाळ्याआधी खिडक्यांच्या कडा आणि बाल्कनीचं पाणी जायचं भोक साफ करून घ्या. आणि गिझर. भाड्याच्या घरातला गिझर म्हणजे बऱ्याचदा आपल्या घरातून काढून तिकडे बसवलेला जुना. त्याची अर्थिंगची वायर तुटलेली असते, नाहीतर प्लगमध्ये जोडलेलीच नसते, आणि घरात अर्थ लीकेज झाल्यावर पडणारा ब्रेकर नसतो. एका घरात ताबा देताना मी नळाला हात लावला आणि हाताला झिणझिण्या आल्या. मालक म्हणाले, ‘आम्ही चप्पल घालून आंघोळ करायचो.’ त्या घरात दुसऱ्या दिवशी सहा महिन्यांचं बाळ असलेलं जोडपं राहायला येणार होतं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्यायला आणि तो ब्रेकर बसवायला काही हजार रुपये लागतात. हा खर्च भाडेकरूवर टाकायचा नाही, पुढच्या वर्षावर तर नाहीच.

छोट्या दुरुस्त्यांचं करारातच लिहा. वॉशर, बल्ब, नळाची गळती अशी रोजच्या वापरातली कामं भाडेकरूची. भिंतीतली पाइप, ड्रेनेज, गिझरची टाकी, मोटर, बाहेरची ओल ही मालकाची. ‘प्लंबर बोलवा, बिल पाठवा, पुढच्या भाड्यातून वळतं करा’ एवढा विश्वास दोन हजारांपर्यंत तरी दाखवा. फोन उचलणाऱ्या मालकाचं घर भाडेकरू स्वतःच्या घरासारखं सांभाळतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो.

राहता राहिली अनामत. ती तुमची नाही. ठेवून घेतलेली रक्कम आहे, परत द्यायची आहे. साठ हजार आले आणि मुलाच्या फीमध्ये गेले, मग भाडेकरू सोडून जाताना नव्याची अनामत येईपर्यंत जुन्याला ‘जरा थांबा’ सांगायचं, हे चुकीचं आहे. करार झाला त्या दिवशी ती रक्कम ठेवीत टाका. ‘हेवी डिपॉझिट’ म्हणून पाच-सात लाख घेऊन भाडं माफ करायची पद्धत आहे, तिच्यात तर हा धोका दसपट. ते पैसे बाजूला ठेवता येत नसतील तर त्या वाटेला जाऊ नका. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत पुरते. केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्याने २०२१ मध्ये घरांसाठी दोन महिन्यांचीच मर्यादा सुचवली आहे. महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा चालतो, पण रक्कम म्हणून दोन महिने रास्त आहेत.

ताबा देताना दोघांनी मिळून मोबाईलवर घराचा व्हिडिओ काढा. भिंती, फरश्या, संडासाचं भांडं, वीज मीटरचं रीडिंग, गॅसचं रीडिंग. एकमेकांना पाठवा. जाताना तोच व्हिडिओ समोर ठेवून फिरा. दोन वर्षांत रंग फिका होणं, खिळ्याची चार भोकं, नळाला आलेले पांढरे डाग हे वापराचे आहेत, त्याचे पैसे कापू नका. फुटलेलं बेसिन, तुटलेलं दार, न भरलेलं लाइट बिल याचे कापा आणि त्याची पावती दाखवा. ‘पेंटिंग चार्ज’ म्हणून सरसकट एक महिन्याचं भाडं कापायचं असेल तर ते आधी करारात लिहिलेलं हवं. जाताना सांगायचं नाही. किल्ली हातात आली त्याच दिवशी, शक्य असेल तर त्याच बैठकीत, बाकीची रक्कम त्याच्या खात्यात टाका आणि ताबा परत मिळाल्याचं दोन ओळींचं पत्र करून दोघांनी सह्या करा. कराराची मुदत बाकी असताना घर सोडलं असेल तर या पत्राची गरज जास्त आहे.

या महिन्यात ज्यांचे करार संपत आहेत, त्यांनी आज संध्याकाळी कपाटातली फाइल काढून शेवटची तारीख पाहावी. गेलेली असेल तर उद्याच भाडेकरूशी बोलून नवा करार नोंदवून घ्यावा. जुन्या तारखेचा कागद करू नका, आजच्या तारखेपासून करा.

आपला,
भाडेकरारांचं काम करणारा एक वकील
पुणे